नळीच्या आतला पांढरा रंग

धडगाव, मंगळवार

माय,

इथूनच तुझ्या पाया पडतो. मी बरा आहे, खोकला गेला. आप्पांचा गुडघा कसा आहे?

डोकं मात्र भणाणलंय. फोनवर ओरडलो तर तू घाबरशील, म्हणून लिहितोय.

घाटातल्या कड्यासमोर मी लेसरचं यंत्र बसवलंय. कड्यापर्यंतचं अंतर ते सतत मोजतं. दगड सरकला की भोंगा वाजतो आणि जीपा थांबतात. कड्यावरून परत येणारा उजेड अगदी क्षीण असतो. उन्हात रस्त्याकडे बघताना तू कपाळावर हात धरतेस ना, तेच काम यंत्राच्या तोंडावरची नळी करते. म्हणून ती आतून काळीकुट्ट ठेवली होती.

साहेब पाहणीला येणार म्हणून ठेकेदाराच्या माणसांनी कठड्यांबरोबर नळीलाही आतून पांढरा रंग फासला! विचारलं तर म्हणे, “साहेब ई ऱ्हायनात, हाई काये कसाले ठेवानं?” साहेब येताहेत तर हे काळं कशाला ठेवायचं, असं त्यांचं म्हणणं. साहेबही खूश! दुपारचं ऊन त्या पांढऱ्यावर आपटून आत शिरलं आणि यंत्र आंधळं झालं. काल दगड कोसळले, भोंगा गप्प! कुणाला लागलं नाही.

मी नळी खरवडून पुन्हा काळी केली. आज निरोप आला: रविवारी मोठे साहेब येणार, पांढरा रंग मारा. रंगाचा डबा मी दरीत भिरकावला. नोकरीचं काय व्हायचं ते होवो.

शीला अभ्यास करते का?

आणि तू रविवारी जीपने येऊ नकोस; ते नवा डबा आणून नळी पुन्हा पांढरी करतील. काल दगड पडले तेव्हा जीपमध्ये पुढे मीच बसलो होतो.

तुझा,
भाग्येश