माझी पगडी कोणी बांधायची, त्याबद्दल

मी, निरंजनसिंघ प्रतापसिंघ वाजेगावकर, वय अठ्ठावन्न, मूळ राहणार नांदेड, हल्ली मुक्काम नीउ-व्हेनेप, नेदरलँड्स, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, हात थरथरत नाही आणि पुढचा मजकूर मला कोणीही सुचवलेला नाही. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. त्यांना काय जातंय म्हणायला!

कायद्याला लागतं ते मृत्युपत्र नोटरीबाईंनी डचमध्ये करून दिलं आहे. पाच पानं आहेत आणि त्यात माझ्याबद्दल एक अक्षर नाही. म्हणून हे दुसरं, मराठीत. सरदारजी मराठीत कसं काय लिहितो, असं अजूनही कोणाला वाटत असेल तर ऐका. आमच्या चार पिढ्या गोदावरीच्या काठी गेल्या. मी पंजाब पहिल्यांदा पाहिला तेव्हा तेवीस वर्षांचा होतो, आणि तिथे लोक मला मराठा म्हणत होते.

माझा मुलगा राजस याला मराठी समजतं, वाचता येत नाही. तेव्हा मी गेल्यावर, अंत्यसंस्काराच्या आधी, शैलाची मैत्रीण ऋजुता हिने हे सगळं शैला आणि राजस यांना समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवावं. एकही वाक्य गाळू नये. ऋजुता, तुझा स्वभाव भिडस्त आहे, म्हणून बजावतोय.

कलम पहिले. राहतं घर आणि बँकेतलं जे काही असेल ते माझी पत्नी शैला हिचं. रोज सकाळी सात वाजता ती सहा मीटर कापडाचं दुसरं टोक धरून जिन्यापाशी उभी राहते. आम्ही ते दोन्हीकडून ताणतो, घड्या घालतो आणि मग मी पगडी बांधतो. इतक्या वर्षांत ‘आज घाई आहे’ असं ती एकदाही म्हणाली नाही. पुण्याच्या कुलकर्ण्यांची मुलगी. लग्नाआधी नांदेडला येऊन तिने माझ्या वडिलांना शब्द दिला होता की मूल होईल त्याचे केस राखीन. तो शब्द मोडला गेला. त्याबद्दल शेवटी.

कलम दुसरे. माझ्या कंपनीच्या माहितीपत्रकाच्या वीस प्रती माळ्यावर आहेत. मुखपृष्ठावर मी आहे, हसतोय. त्या रद्दीत द्याव्यात. याच कंपनीने २००५ साली मला ग्राहकांसमोर पाठवणं बंद केलं होतं. माझा साहेब अगदी गोड आवाजात म्हणाला होता, “तू आतलं काम फार छान करतोस.” तेरा वर्षं मी आतलं काम छान केलं. मग वारं फिरलं, कंपनीला सगळ्या रंगांची माणसं दाखवायची हौस आली आणि मला ओढून पुढे उभं केलं. डोकं तेच, पगडी तीच. फोटोखाली नाव घालायला मात्र विसरले.

कलम तिसरे. माझी सायकल आणि बागेची अवजारं शेजारच्या मीपबाईंना. आम्ही इथे राहायला आलो त्या दिवशी त्यांनी कुंपणावरून विचारलं होतं, “ते कापड केवढं लांब असतं हो?” मी दाखवलं. त्यांनी मोजपट्टी आणून मोजलं. माणसाने असं सरळ विचारावं. न विचारता ठरवून मोकळे झालेलेच मला जास्त भेटले. सुपरमार्केटात एक आई आपल्या पोराला माझ्यापासून ओढून लांब नेत होती, तेव्हा मी हातात फक्त कोथिंबीर धरून उभा होतो.

कलम चौथे. विनायक देशमाने यास कपाटातल्या सर्वांत खालच्या खणातली निळी पगडी द्यावी. ती धुतलेली नाही. तिच्यावर बुटाचा ठसा आहे.

२००४ च्या नोव्हेंबरात ॲमस्टरडॅमला एका कट्टर मुसलमान तरुणाने एका सिनेदिग्दर्शकाचा भर रस्त्यात खून केला, आणि त्या आठवड्यात साऱ्या देशाला एकदम माझं डोकं दिसायला लागलं. दाढी दिसली, पगडी दिसली, झालं! कोण, कुठला, कुठल्या धर्माचा, कोणाला पडलं होतं? आणि खरं सांगायचं तर ‘मी त्यांच्यातला नाही हो’ असं ओरडून सुटका करून घ्यायचीही मला लाज वाटत होती. त्यांच्यातल्या माझ्यासारख्यांनी तरी काय केलं होतं? रॉटरडॅमच्या मेट्रोत सकाळी आठ वाजता तीन पोरांनी मला घेरलं. एकाने पगडी खेचली, दुसऱ्याने ती पायाखाली घेतली. डबा भरलेला होता. शेजारी विनायक बसला होता, एकाच ऑफिसातला, आठवड्यातून दोनदा आमच्याकडे जेवणारा. तो उठला, दारापाशी गेला, बाहेरच्या भिंतीकडे बघत उभा राहिला आणि पुढच्या स्टेशनवर उतरला. आमचं स्टेशन त्याच्या पुढचं होतं.

दुपारी कॉफीच्या मशीनपाशी म्हणाला, “अरे, मला वाटलं तुला ते तुझ्या पद्धतीने हाताळायचंय.” वर सल्लाही दिला, “थोडे दिवस टोपी घाल की. काय बिघडतं?” चोर तो चोर, वर शिरजोर! पुढे हाच इथल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष झाला आणि दर गणपतीत माझ्या खांद्यावर हात टाकून मंचावरून सांगू लागला, “आमचे हे सरदार मराठी कसलं फाडफाड बोलतात, बघा!” लोक टाळ्या वाजवायचे. मी हात जोडायचो. एकवीस वर्षं झाली, माझा राग तसूभरही उतरलेला नाही, आणि मेल्यावर उतरेल अशी आशाही नाही.

कलम पाचवे. माझ्या बाकीच्या सर्व पगड्या, कडं आणि वडिलांचा लाकडी कंगा राजसला. राजस आता केस राखतो. विसाव्या वर्षी स्वतःहून सुरू केलं, स्वतःच शिकला. बांधायला बसला की मला म्हणतो, “बाबा, you never bent.” आणि मग आजीचा विषय काढतो.

ती गोष्ट आमच्या घरात अशी सांगितली जाते. राजस अकरा महिन्यांचा असताना शैला त्याला घेऊन पुण्याला माहेरी गेली होती. एके दिवशी ती बाजारात गेल्याची संधी साधून तिच्या आईने, सुचेताबाईंनी, न्हावी बोलावला आणि बाळाचं जावळ काढलं. शैला परत आली तर पोराचं डोकं चकोट. मायलेकींचं कडाक्याचं भांडण झालं. शैला सहा वर्षं माहेरी गेली नाही, आणि नंतर गेली ती पाहुणीसारखी. पुन्हा केस राखू या, असं ती मला म्हणाली होती. मी म्हणालो, “एकदा वस्तरा लागला, आता काय उपयोग?” आजी २०२३ साली अंथरुणाला खिळली. शैलाने राजसला विचारलं, येतोस का? तो डचमध्ये म्हणाला, तिने माझं जे घेतलं ते ती परत देणार आहे का? आणि गेला नाही.

कलम सहावे. ती गोष्ट खोटी आहे.

जावळ मी काढायला लावलं. मेट्रोतल्या प्रकारानंतर सात आठवड्यांनी, ऑफिसच्या फोनवरून, मी सुचेताबाईंना फोन केला. म्हणालो, “आई, तुमच्यात जावळ काढतात ना? काढून टाका. शैलाला सांगू नका मी म्हणालो म्हणून.” त्या म्हणाल्या, “जावईबापू, तिने तुमच्या वडिलांना शब्द दिलाय हो.” मी म्हणालो, “माझ्या पोराचं डोकं कोणाच्या बुटाखाली यायला नको.” त्या म्हणाल्या, “बरं. माझ्या नावावर घालते.”

मला तेव्हा वाटलं, चार दिवस रागावतील, विसरतील. नाही विसरले. आणि मला तोंड उघडायचा धीर झाला नाही. पोरगा मला ताठ मानेचा समजत होता, ते मला फार आवडत होतं. दुसरं काही कारण नाही.

त्यांच्या शेवटच्या आजारात मी ऑफिसच्या कामाने पुण्याला गेलो होतो, तेव्हा एकटा भेटलो. त्यांनी उशीखालून कुंकवाचा करंडा काढून माझ्या हातात दिला. आत राजसचं जावळ होतं. “तुमचं तुमच्यापाशी ठेवा,” त्या म्हणाल्या, “मी काही बोलले नाही हं.” अकरा दिवसांनी त्या गेल्या. करंडा माझ्या टेबलाच्या उजव्या खणात आहे. तो शैलाचा. शैला, तुझ्या आईने तुझा शब्द मोडला नव्हता.

विनायकला निळी पगडी द्यायचीच आहे. पण देताना सांगावं की तो एक स्टेशन आधी उतरला होता, आणि मी एकवीस वर्षं उतरलेलोच आहे.

कलम सातवे व अखेरचे. आमच्यात माणसाला पगडी बांधून अखेरच्या प्रवासाला नेतात. माझी पगडी राजसने बांधावी आणि दुसरं टोक शैलाने धरावं, अशी माझी इच्छा आहे. पण हे सगळं ऐकून झाल्यावरच, आधी नाही. दोघांपैकी एकाचंही मन झालं नाही, तर गुरुद्वारातून कोणाला बोलावू नये, मीपबाईंना सांगू नये, कोणी दया म्हणून पुढे येऊ नये. मला उघड्या डोक्याने न्यावं.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला असून दोन साक्षीदारांदेखत खाली सही करत आहे.

निरंजनसिंघ प्रतापसिंघ वाजेगावकर

साक्षीदार १: ऋजुता सुदर्शन आपटे, उइटहॉर्न. (मजकूर वाचला. शस्त्रक्रियेआधी तुम्ही स्वतः सांगा, असं मी म्हटलं. ते नाही म्हणाले.)

साक्षीदार २: मीप डी व्रीस, शेजारी. (मराठी येत नाही. मजकूर इंग्रजीतून समजावून सांगितला.)

स्थळ: नीउ-व्हेनेप
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५