ओकभोवतीचं चर्च

९ एप्रिल १९९५
पोचले एकदाची न्यूझीलंडच्या या डोंगरगावात! अप्पर हट स्टेशनवर हरीश गाडी घेऊन आला होता. मूळचा सांगलीचा, इथल्या क्लिनिकमध्ये दोन वर्षं फार्मासिस्ट आहे. तासभर डोंगरातून वर आलो. एकच डेअरी (इथे किराणा दुकानाला म्हणतात), एकच चर्च आणि हीप्स, म्हणजे ढिगाने मेंढ्या, एवढंच गाव असं तो वाटेत सांगत होता. मला तर आवडलं. सगळी वेल्सहून आलेली कुटुंबं. नवी नर्स आली म्हणून तिघी फिजोआ फळांच्या पिशव्या ठेवून गेल्या. चर्च गमतीदार आहे. एका जुन्या ओकभोवतीच बांधलंय, फांद्या छपरातून बाहेर.

१६ एप्रिल, ईस्टर
हरीशबरोबर चर्चला गेले. पास्टर एव्हन्स येशूवर छान बोलले. मग सगळे क्रूसाकडे पाठ करून झाडाकडे वळले आणि वेगळ्याच भाषेत काही म्हणू लागले, लहान मुलंसुद्धा. एकाच्याही हातात पुस्तक नव्हतं.

२० एप्रिल
मिसेस मॉर्गनच्या पायाचं ड्रेसिंग करताना झाडापुढच्या त्या प्रार्थनेबद्दल विचारलं. ऐंशीची म्हातारी, खुशीत सांगू लागली. रोमनांनी त्यांच्या पूर्वजांची ओकची देवराई जाळली, ड्रुइड पुजारी कापून काढले. पुढे क्रूस आला तेव्हा उरलेल्यांनी मुकाट्याने बाप्तिस्मा घेतला आणि स्वतःच पाद्री झाले. लिहून काही ठेवलंच नव्हतं, म्हणून कोणाला काही सापडलं नाही. तिच्या आजोबांनी वेल्सहून जहाजातून ओकचं बी आणलं, तेच हे झाड. हरीशला सांगितलं तर हसला. म्हणाला, म्हातारीला गप्पा मारायला कोणी नाही.

२५ एप्रिल
आज दुपारी चर्चमागे मेंढा मारला. पास्टरनी बरगड्यांखाली सुरा खुपसला आणि सगळे त्याच्या पायांकडे बघत राहिले. तो कसा तडफडतो, रक्त कुठे वळतं, यावरून येतं वर्ष कळतं म्हणे. मेंढा पटकन मेला. पास्टर चिडून म्हणाले, अर्धंच कळलं. मेंढ्याने भागत नाही. मी तशीच क्लिनिकला परतले.

२८ एप्रिल
मिसेस मॉर्गनने सहज विचारलं, हरीशचं या देशात कोणी आहे का. मी नाही म्हणाले.
का सांगितलं मी?

२९ एप्रिल
हरीशच्या गाडीचे चारही टायर फाडलेत. फोन बंद. आता तो हसत नाही. उद्या उजाडलं की चालत निघायचं.

३० एप्रिल
पुलावर अडवलं. वीस-पंचवीस जण. हरीशने मला मागे ढकललं, पळ म्हणाला— कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या गुडघ्यावर. हाड मोडल्याचा आवाज. दुसरा गुडघा—

ओकखाली निजवलं. सुरा, तिथेच, बरगड्यांखाली. सगळे येशूची प्रार्थना म्हणत होते. मला पुढे ओढलं. पास्टर म्हणाले, तू नर्स आहेस, हा लवकर जाता कामा नये, रक्त थांबव.

थांबवलं. दोन्ही हातांनी जखम दाबून धरली. वाटलं, वाचवतेय. तो तडफडत होता आणि ते वाकून बघत होते. मी जितका वेळ दाबत होते तितका वेळ त्याला—

“सुनेत्रा,” तो म्हणाला. “हात काढ.”

काढले.

पास्टर ओरडले. मी पळाले. क्लिनिकला आतून कडी लावलीय, कपाट सरकवलंय. दार हादरतंय. मिसेस मॉर्गन बाहेरून अगदी मायेने सांगतेय, बाळ, कोणी रागावलेलं नाही, पण अर्धंच कळलं, आणि सूर्य मावळायला अजून—

कडी