आजच्यापुरतं पत्र

औरंगाबाद,
ता. २ डिसेंबर १९३७

ती. गं. भा. द्वारकाअक्कास,
संतरामचा शि. सा. न. वि. वि.

अक्का, आधीच्या दोन पत्रांना तुझं उत्तर नाही. हट्ट्यात उंदीर पडले हे मला वसमतच्या एका व्यापाऱ्याकडून कळलं, सख्ख्या बहिणीकडून नाही. सिंधूला आई नाही म्हणून बाळंतपणाला तुझ्याकडे पाठवली, ती प्लेगाच्या तोंडी द्यायला नव्हे. आठवा सरत आला आहे. तिला ताप आहे का? काखेत गाठ आहे का, ते रोज चाचपून बघ. पहिली मुलगी तान्हीच गेली, तेव्हाही सगळे मला धीर धर म्हणत होते.

रजा मागितली. हेडमास्तर म्हणाले, की प्लेगाच्या गावी गेलात तर परत वर्गात पाऊल ठेवायचं नाही. मग इथं बसून दिसेल त्या देवाला नवस बोलत सुटलो. होणाऱ्या मुलाला कोणत्या शाळेत घालायचं, त्याचीही चौकशी करून ठेवली. डोळ्याला डोळा लागत नाही. सोबतचं पत्र सिंधूला दे आणि उलट टपाली कळव.

लोभ आहेच, उत्तरही असावं.
तुझा संतराम


हट्टा, रानातून,
ता. ८ डिसेंबर

चि. संतरामास अक्काचे अ. उ. आशीर्वाद.

उत्तर काहून नाही म्हणतोस, तर हात रिकामा नव्हता. उंदीर पडले हे खरं. सगळं गाव शेतात येऊन राहिलं आहे. आपली खोप तुरीच्या रानात, विहिरीला लागून. शेजारच्या खोपीत सखुबाई सुईण आहे, म्हणजे तीही सोय बराबर झाली. सिंधूला ना ताप, ना गाठ. बांधावर बसून शेंगा सोलते, शेळीच्या पिल्लाशी गप्पा मारते, पोटभर जेवते.

तुझं पत्र आलं की मात्र ताट सरकवते आणि दिवसभर काखा चाचपत बसते. याला तू माया म्हणतोस? माझं तर डोकंच फिरलं. मागच्या खेपेला तिचं दूध आटलं आणि पोरगी हातची गेली, हे विसरलास? सखुबाई म्हणून राहिली, की काळजीनंच आटतं, अन् मास्तरला तिकडं दुसरं काम न्हाई का. काळजीनं आटतं की कशानं, ते देव जाणे, पण या खेपेला मी परीक्षा बघणार नाही. तुझं सोबतचं पत्र मी तिला दिलेलं नाही आणि देणारही नाही.

लिहायचंच असेल तर आत्ता तुझ्या डोळ्यांसमोर जे आहे, तेवढं लिही. उद्याचं उद्या बघू.

जेवत जा. राग आला तरी लोभ कमी करू नकोस.
अक्का


औरंगाबाद,
ता. १३ डिसेंबर

ती. गं. भा. अक्कास शि. सा. न. वि. वि.

नवरा-बायकोचं पत्र अडवणारी तू कोण? तू वडील आहेस म्हणून एवढ्यावर थांबतो. मी इथं जीव मुठीत घेऊन बसलो आहे आणि तू मला निबंध घालतेस!

बरं, हे घे समोरचं. समोर भिंत. भिंतीवर पाल. खाली मोहनसिंग, आमचा ड्रिलमास्तर आणि खोलीतला सोबती, डाळीला फोडणी देतो आहे. हा रोज लसूण करपवतो. आत्ताही करपवला. आता शिव्या देतो आहे, त्याही लसणाला. अंगणात माझं धुतलेलं धोतर वाळत आहे, त्यावर कावळा येऊन बसला आहे आणि मला उठून हाकलायचाही कंटाळा आला आहे. कावळा बसणं शुभ की अशुभ? अक्का, सिंधूच्या पायांवर सूज आहे का? खोपीत साप निघाला तर काय करणार? रात्री थंडी किती पडते?

तू म्हणतेस ते मला जमत नाही. लोभ ठेव किंवा ठेवू नकोस.
संतराम


हट्टा, रानातून,
ता. १८ डिसेंबर

चि. संतरामास अ. उ. आशीर्वाद.

सिंधूला पत्र भिंतीपासून कावळ्यापर्यंतच वाचून दाखवलं आणि बाकीची घडी घातली. सिंधू पोट धरून इतकी हसली, की सखुबाई ओरडली, की पोरी, तुरीतच बाळंत होशील. तिनं ते दोनदा वाचायला लावलं. लसणाची गंमत तिला फार वाटली.

मला भीती नाही असं समजू नकोस. पलीकडच्या रानात लखमाची सून परवा गाठीनं गेली. त्या सांजेला मी म्हैस पिळायला बसले आणि मन सगळं त्या खोपीत. म्हशीनं पान्हा चोरला. मी तिला शिव्या हासडल्या, स्वतःलाही हासडल्या. शेवटी दमून तिच्या कुशीला कपाळ टेकवलं आणि ती रवंथ करत होती तेवढंच ऐकत बसले. थोड्या वेळानं धार लागली. भीती गेली नाही, पण दूध मिळालं. सिंधूला तांब्याभर प्यायला दिलं.

ही सुनेची गोष्ट सिंधूला ठाऊक नाही. तूही लिहू नकोस. लोभ असू दे, शहाणपणही असू दे.
अक्का


हट्टा, रानातून,
ता. ४ जानेवारी १९३८

चि. संतरामास अ. उ. आशीर्वाद.

परवा सकाळी सिंधू मोकळी झाली. मुलगा झाला. नाळ कापली तशी सखुबाईनं त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि मी मूठभर ज्वारी देऊन विकत घेतलं. पहिलं लेकरू गेलेल्या घरची, काळाला चकवायची ही रीत तुला माहीतच आहे. नाव उकंडा. तेव्हा आता तो तुझा नाही, माझा आहे. त्याची काळजी करायची तर माझी परवानगी काढ.

थट्टा इथंच संपली. सिंधूला दूध उतरलेलं नाही. शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजतो आहोत, ते त्याला पचत नाही. ती कुडाकडे तोंड करून पडते आणि मागच्यासारखंच होईल का, एवढंच विचारते. मी तिच्यावर चिडते आणि मग विहिरीवर जाऊन रडते. माझी अक्कल संपली, संतराम. आता तिच्या नावानं तू पत्र लिही. मी ते अडवणार नाही आणि वाचणारही नाही.

काय लिहायचं ते तू ठरव. लोभ आहे म्हणूनच तुझ्यावर सोपवते आहे.
अक्का


औरंगाबाद,
ता. ७ जानेवारी

चि. सौ. सिंधूस आशीर्वाद.

सकाळपासून लिहितो आहे आणि फाडतो आहे. सगळ्यांत प्रश्नच प्रश्न होते. यात एकही नाही.

मला भीती वाटते आहे. ही आत्ताची गोष्ट आहे म्हणून लिहिली. मोहनसिंगनं माझी दशा पाहिली आणि मला कणीक मळायला बसवलं. म्हणाला, की मास्टरजी, अभी सिर्फ आटा देखो. मी कधी मळलेली नाही. पाणी जास्त पडलं, सगळी बोटांना चिकटली. मग पीठ घातलं तर घट्ट गोळा झाला. पुन्हा पाणी. आता परातीत दोघांना संपणार नाही एवढी कणीक आहे आणि ती मऊ झाली आहे. हात तसाच घेऊन लिहायला बसलो, म्हणून कागदाला पीठ लागलं आहे. बाहेर ऊन आहे. तू आहेस, तो आहे.

लोभ आहे. दुसरं काही मागत नाही.
संतराम


हट्टा, रानातून,
ता. १२ जानेवारी

तीर्थस्वरूप इकडील सेवेसी,
सिंधूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पावलं. कागदावरचं पीठ नखानं खरवडून पाहिलं. तुम्ही परातीपुढे मांडी घालून बसलेले, कोपरापर्यंत माखलेले, असे दिसलात. किती वेळ तेच बघत राहिले. तो मांडीवर होता. पदर ओला झाला तेव्हा कळलं.

अक्का म्हणतात, दूध पत्रानं आलं. सखुबाई म्हणते, की तिनं पाजलेल्या काढ्यानं आलं. मला ठाऊक नाही. थोडंच आहे. उद्या असेल का, तेही ठाऊक नाही. मागच्या वेळी मी रात्रंदिवस तेवढंच विचारत होते आणि लेकीचं तोंडसुद्धा नीट बघितलं नाही. याचं बघते आहे. याच्या डाव्या भुवईला केस नाहीत.

तुमच्या नवसांचं काय करायचं, गाव पुन्हा कधी भरणार, तुम्हाला रजा कधी मिळेल, हे सगळं लिहायचं होतं. पण तो आत्ता जागा झाला आहे आणि तोंड उघडून शोधतो आहे. एका हातानं लिहिता येत नाही. लागला. घोट ऐकू येत आहेत. इथंच थांबते