एकही पाकीट गळू न देणारा राउटर

प्रिय वाल्मिक,

समोर आले की तू मोबाईलवर पूर्ण स्पीड दाखवतोस आणि माझं तोंड बंद करतोस, म्हणून लिहिते आहे.

आमच्या उधन्याच्या बिल्डिंगमध्ये नेट तूच टाकलंस. काय तोरा होता तुझा! माझ्या राउटरमधून एक पाकीट गळत नाही, असं गच्चीवर उभा राहून सगळ्यांना सांगत होतास. मला त्यातलं काय कळतंय? मी आपली भावाच्या कौतुकात सगळ्यांना चहा पाजत होते. खरी गोष्ट मला माझ्या स्वातीने सांगितली. नेटवरचा आवाज, व्हिडिओ, सगळं म्हणे तुकडे करून छोट्या-छोट्या पाकिटांतून जातं. खालचा साडीवाला दुपारभर लाइव्ह लावून साड्या विकतो, त्याच्या व्हिडिओने लाइन भरून जाते. अशा वेळी राउटरने थोडी पाकिटं टाकून द्यावी लागतात, म्हणजे पाठवणारा हात आखडता घेतो. तू मात्र आतली रांगच लांबवत नेलीस. गळत कोणी नाही, ताटकळतात सगळे. नोकरीच्या ऑनलाइन इंटरव्ह्यूच्या आठ दिवस आधी पोरगी तुला म्हणाली होती, मामा, रांग आखूड करा, आवाजाची पाकिटं आधी सोडा. तू हसलास. म्हणे, दोन पुस्तकं वाचून मामाला शिकवतेस होय गं!

मग व्हायचं तेच झालं. प्रश्न संपला की ती लगेच बोलत होती, पण तिकडे उत्तर चार-चार सेकंदांनी पोचत होतं. त्यांना वाटलं, शेजारी बसून कोणीतरी हिला सांगतंय. तिसऱ्या प्रश्नाला कॉपी करतेस म्हणून त्यांनी फोन बंद केला. माझ्या पोरीला कॉपीबहाद्दर म्हणाले रे! दोन दिवस तिने अन्नाला हात लावला नाही. आणि तू तुझ्या बायकोला, शोभाला, काय सांगितलंस? पोरगी घाबरली असेल, ततपप झाली असेल. लाज नाही वाटली?

काल तुझा निरोप घेऊन शोभा आली. स्वातीला तुझ्या ऑफिसात तक्रारींचे फोन घ्यायला बसवतोस म्हणे. त्यासाठीच हे पत्र. तुझे उपकार नकोत. त्या कंपनीला तुझ्या सहीने लिहून दे, की उशीर माझ्या राउटरमुळे झाला, आणि भाचीने मला आधीच सांगितलं होतं. ते ऐकोत न ऐकोत. तेवढंही लिहवत नसेल, तर या आखाजीच्या सणाला मला माहेरी न्यायला येऊ नकोस. ताई का नाही आली, असं आईने विचारलं तर तिला खरं कारण तूच सांग.

अजून तरी तुझीच,
जयश्रीताई