नव्या औषधाची बाटली

९ जून, मंगळवार

दादाला आणलं. हॉस्पिटलातल्या आमच्याच लॅबमध्ये, आमच्याच टेबलावर! दुकानात कुणाच्या तरी कोटाचं माप घेत होता, टेप हातात धरूनच खाली बसला. घाम, छातीत कळ. ज्यांना मी रोज धीर देते त्या नातेवाइकांसारखीच मी उभी होते.

बंद पडलेली रक्तवाहिनी फुग्याने उघडताना रक्त गोठू नये म्हणून एक औषध द्यावंच लागतं. आमच्याकडे दोन औषधांची तुलना चालू आहे — एक जुनं, एक नवं. कुणाला कोणतं ते कॉम्प्युटर ठरवतो. घरच्यांना विचारायचं काम माझं. वाक्य तोंडपाठ आहे — दोन्ही चांगली आहेत, जास्त चांगलं कोणतं ते आम्हालाही ठाऊक नाही, म्हणून तर बघतोय. आपल्याच माणसाच्या वेळी मी विचारायचं नाही, म्हणून धाकट्या डॉक्टरने विचारलं. वहिनीने त्याच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तिने सही केली.

नवं निघालं. मला बरंच वाटलं. दादा टेबलावरून म्हणतो, जुनं ते सोनं म्हणतात आणि तू मला नवं टोचतेस होय? तशातही थट्टा!

रक्तवाहिनी उघडली. स्टेंट बसला. मोठे डॉक्टर म्हणाले, झकास. मी घरी येऊन पोटभर जेवले.

१० जून, बुधवार

झकास कुठलं! मी घरी आले आणि तिकडे स्टेंटमध्ये गुठळी झाली. पुन्हा टेबल, पुन्हा फुगा. रक्तवाहिनी पुन्हा उघडली, पण मधल्या वेळात हृदयाचा मोठा भाग कामातून गेला. व्हेंटिलेटरवर आहे. शुद्ध नाही.

वहिनी दिवसभरात एकदाच बोलली. "दुसरं औषध निघालं असतं तर?"

काय सांगू? शेकडो माणसांचं उत्तर आम्हाला देता येतं, एकाचं देता येत नाही. हे मी आजवर किती जणांना किती शांतपणे समजावलंय! आज माझं मलाच पटेना.

११ जून, गुरुवार

मोठ्या सिस्टरनी लॅबच्या दारातच गाठलं. हातात दादाची बाटली. जवळजवळ भरलेली.

जुनं औषध फुगा बाहेर काढला की थांबवतात. नवं नंतरही काही तास सलाईनमधून चालू ठेवायचं असतं, नाहीतर त्याचा असर झटकन उतरतो. दादाला टेबलावरून ट्रॉलीवर घेताना सिस्टरनी नळी काढून टाकली. सगळी नोकरी त्यांची जुन्या औषधावर गेली. वॉर्डातही कुणाला खटकलं नाही — तिथेही सगळे जुन्याचेच सरावलेले.

"हातानेच केलं गं," म्हणाल्या. "डोक्याला कळलंसुद्धा नाही."

मला सुई धरायला याच बाईंनी शिकवलं. मी तोंड फिरवून निघून आले.

१२ जून, शुक्रवार

मोठ्या डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. चौकशी होईल, तोवर घरच्यांशी कुणी काही बोलायचं नाही, वेळ आली की ते स्वतः सांगतील. मी हो म्हटलं. खरं लिहायचं तर सुटल्यासारखं वाटलं.

मग विचारलं, दादाला कुठे धरणार? म्हणाले, नव्याकडेच. ज्याच्या वाट्याला जे औषध आलं त्यातच तो मोजायचा, मग ते पुरतं मिळो न मिळो. उद्या हे औषध जगभर असलेच हात देणार आहेत, हात चुकतात हेही मोजलं पाहिजे.

बरोबर आहे. नव्या मुलांना मीच हे शिकवते. आज मात्र टेबलावरचा पेपरवेट उचलून भिरकावावासा वाटला.

१४ जून, रविवार

वहिनी बोलत नाही. मी शेजारी बसले की सरकून जागा देते, इतकंच. आज मात्र विचारलं, "ताई, काही सांगायचंय का?" मी म्हटलं, ताप उतरलाय.

चोराच्या मनात चांदणं! ती नुसती पाणी प्यायला उठली तरी मला वाटतं, आता विचारणार.

१५ जून, सोमवार

मूत्रपिंडंही थकली.

१७ जून, बुधवार

कामावर गेले. एका बाईला विचारायला मला पाठवलं, तिच्या नवऱ्याला आत घेत होते. दोन्ही चांगली आहेत, इथवर आले आणि पुढचं वाक्य येईना. ती म्हणाली, तुमच्या घरचं माणूस असतं तर? धाकट्या डॉक्टरला पुढे केलं आणि मी जिन्यात जाऊन रडले.

मोठ्या सिस्टर गुरुवारपासूनच रजेवर आहेत. असणारच. करून सवरून नामानिराळ्या! फोन आला होता त्यांचा, मी घेतला नाही.

१८ जून, गुरुवार

दादाचा हात धरून बसले होते. बोटांच्या टोकांना सुयांचे घट्टे तसेच आहेत, बाकी हात सुजून परक्याचा झालाय. लहानपणी माझे सगळे फ्रॉक यानेच शिवले, उरलेल्या कापडातून, आणि वर ऐटीत सांगायचा की असा फ्रॉक कुठल्याच दुकानात मिळणार नाही. तो जाणार. मला कळतंय, मी आकडे वाचू शकते. वहिनीला कळत नाही आणि तिच्यापासून दुसरीही गोष्ट लपवून मी तिच्याच शेजारी बसते.

उद्या सांगणार. चौकशी गेली खड्ड्यात.

१९ जून, शुक्रवार

नाही सांगितलं. तोंड उघडलं आणि विचारलं, चहा आणू का?

२० जून, शनिवार

दादा सकाळी गेला.

वहिनीला बाहेरच्या बाकावर नेलं आणि सगळं सांगून टाकलं — नळी, बाटली, मोठ्या सिस्टर. ती म्हणाली, "त्या बाईंनी गुठळी झाली त्याच बुधवारी रात्री सांगितलं मला, पाय धरून. तेव्हापासून रोज घरी येऊन पोरांचं करतात. मी तुमच्या तोंडून ऐकायची वाट बघत होते, ताई. हे होते तोवर."