निबंधात रडायचं नाही

बाई,

तुम्हाला लिहायचं तर आधी विषय ठरवायला हवा, मग मुद्दे, मग त्यांचा क्रम. तसं काही केलेलं नाही. पोशीरला भावाच्या घरी ओटीवर बसले आहे. भावजय खळ्यावर मळणीला गेली आहे, घरात दुसरं कुणी नाही, आणि वाऱ्याबरोबर भाताचा कोंडा कागदावर येऊन बसतो तो फुंकून फुंकून लिहिते आहे. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. पुण्यात प्लेगचा गाठीचा ताप आला तेव्हा गावाबाहेरच्या झोपड्यांत, जवळ आपलं कुणी नसताना तुम्ही गेलात, एवढंच मला कळलं. तेही कितीतरी महिन्यांनी, तिकडून बदली होऊन आलेल्या एका मास्तरांच्या बायकोकडून. "त्या व्याकरणाच्या बाई गेल्या हो," असं ती बोलता बोलता म्हणाली आणि पुढे रॉकेल कसं महागलं ते सांगू लागली. मी तिच्याकडे पाहून मान हलवत राहिले. ती निघून गेल्यावर मला कळेना की आता काय करायचं असतं. तुम्ही माझ्या नात्यातल्या नव्हता, जातीच्या नव्हता. सुतक कसलं धरायचं?

तुमच्या ट्रेनिंग कॉलेजात मी काही स्वतःच्या इच्छेने आले नव्हते. माझे यजमान मास्तरकीचं शिकायला पुण्याला आले आणि त्यांच्याबरोबर मी आले. मास्तरांच्या बायकांना शिकवलं तर गावोगाव मुलींच्या शाळा निघतील, असं सरकारला वाटत होतं. अक्षरओळख यजमानांनीच करून दिली होती. पहिल्या दिवशी तुम्ही वर्गात आलात, विधवेचं लाल आलवण, डोईवरून पदर, हातात खडू. मला काहीतरी विचारलंत आणि मी म्हणाले, "नाय की." सगळा वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत आणि हसणाऱ्यांना रागावलाही नाहीत. फळ्यावर आहे, नाही, आम्ही, तुम्ही असे चार शब्द लिहिलेत आणि मला विचारलंत, "यातला ह कुठे ठेवून आलीस गं?" मी म्हटलं, "गावाला." वर्ग पुन्हा हसला. तुम्ही म्हणालात, "मग मागवून घे." तो मागवून घ्यायला मला सहा महिने लागले. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मी आहे, नाही, आहे, नाही असं पुटपुटायची, आणि वसतिगृहात शेजारी निजणाऱ्या मुलीला वाटायचं की मी कसलासा कौल लावते आहे.

दुसऱ्या वर्षी यजमान पटकीने गेले. सकाळी उलट्या सुरू झाल्या आणि दिवस मावळायच्या आत सगळं आटोपलं. पंधरवड्याने मी वर्गात येऊन बसले, कारण दुसरीकडे कुठे बसावं ते मला माहीत नव्हतं. त्या आठवड्यात तुम्ही निबंधाला विषय दिला होता, आमचे गाव. मी पोशीर लिहिलं. पावसाआधी शेतात पालापाचोळ्याचा राब भाजल्यावर येणारा वास लिहिला, लावणीच्या वेळी चिखलात पाय रुततात ते लिहिलं, आणि लिहिता लिहिता यजमान लग्नानंतर पहिल्यांदा बांधावरून चालत आले होते तेही लिहून गेले. तुम्ही मला घरी बोलावलंत. तुम्ही चुलीपुढे, मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर. आत यायचं नाही हे तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही. आमटी उकळत होती. तुम्ही म्हणालात, "वाच." मी वाचू लागले. मध्येच तुम्ही पळी हलवायची थांबवलीत आणि विचारलंत, "या वाक्यातला कर्ता कुठे आहे?" मला सापडला नाही. यजमान आले त्या ओळीवर माझा आवाज फुटला. तुम्ही मागे वळूनही न पाहता म्हणालात, "रडायचं असेल तर अंगणात जाऊन रड. निबंधात रडायचं नाही."

मी अंगणात गेले. तुळशीपाशी बसून पोटभर रडले आणि तोंड धुऊन परत आले. तेव्हा तुम्ही आमटी उतरवून ठेवली होती आणि माझे कागद चाळत होतात. "हे सगळं डोळ्यांपुढे उभं राहतं," तुम्ही म्हणालात, "पण तुझं म्हणणं काय?" मला प्रश्नच कळला नाही. मग तुम्ही सांगितलंत. निबंध म्हणजे बांधणं. आधी आपलं म्हणणं एका वाक्यात मांडायचं. मग त्याला कारण द्यायचं. मग उदाहरण, म्हणजे ऐकणाऱ्याला पटतं. मग विरुद्ध बाजूचा माणूस काय म्हणेल ते स्वतःच सांगून त्याला उत्तर द्यायचं. मग समारोप. मी ऐकत होते, पण मनात एकच गोष्ट फिरत होती की आजवर मला हे कुणी विचारलंच नव्हतं. बापाने नाही, सासऱ्याने नाही, यजमान इतके भले, पण त्यांनीही नाही. तुझं म्हणणं काय.

आणि लगेच ते सांगायची वेळ आली. दिवाळीच्या सुमाराला भाऊ मला न्यायला आला. आमच्यात विधवेचा पाट लागतो, दुसरं लग्न होतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. भाऊ तुमच्या अंगणात डोक्याचं मुंडासं सोडून हातात धरून उभा होता, आणि तुमच्याकडे न बघता माझ्याशी बोलत होता. "चल गं घरी. येक बिजवर हाय, पन मानूस चांगला हाय. जमीन हाय, दोन बैल हायत. आये रोज वाट बगते." मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही म्हणालात, "माझ्याकडे बघू नकोस. तुझं म्हणणं काय ते तू सांग." मी म्हणाले, "मला इथे राहायचं आहे. मला शिक्षण पुरं करायचं आहे." एकही चूक न करता मी ती दोन वाक्यं बोलले. भावाला माझ्या बोलण्याचाच धक्का बसलेला दिसला. तो म्हणाला, "आन मंग पुढं? म्हातारपनी तुला कोन हाय?" तुम्ही तोवर आत जाऊन चूल फुंकत होतात. तिथूनच, पाठमोऱ्या, तुम्ही म्हणालात, "शाळा असेल की."

बाई, त्या वेळी तुमचा चेहरा मला दिसला नाही. नंतर कितीतरी वर्षं मी तो बघायचा प्रयत्न केला आहे. तुम्हाला तसं खरंच वाटत होतं का? की माझ्यासारख्या एकीला तरी वर्गातून जाऊ द्यायचं नाही म्हणून बोललात? भाऊ संध्याकाळच्या गाडीने एकटाच घाट उतरून गेला. दुसऱ्या दिवशी वर्गात भावे प्रयोगाचं उदाहरण विचारलंत, कुणाला येईना, तेव्हा मी उठून म्हणाले, "भावाने बहिणीस नेले." तुम्ही क्षणभर माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "बरोबर. क्रियापद इथे कर्त्याकडेही बघत नाही आणि कर्माकडेही नाही. बस."

कॉलेज संपलं त्या दिवशी तुम्ही मला मेतकुटाची बरणी दिलीत. स्वतः भाजून, दळून केलेलं. "नोकरीच्या गावी एकटीला रांधायचा कंटाळा येईल, तेव्हा भातावर घाल," एवढंच म्हणालात. निबंध, व्याकरण, काही नाही. मी ते इतकं पुरवून खाल्लं की शेवटी त्याला पोरकिडे लागले आणि टाकून द्यावं लागलं.

शाळा मिळाली ती कर्जतच्या पुढे, खालापूरच्या बाजूला. चावडीच्या मागची एक खोली, शेणाने सारवलेली, वर कौलं. मुली यायच्या, जायच्या. भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, निम्म्या नसत, कापणीला जवळजवळ कुणीच नसे. दहा-अकरा वर्षांची झाली की मुलगी एके दिवशी यायची बंद व्हायची आणि कळायचं की लग्न झालं. पण येत तोवर मी शिकवत होते, अगदी तुम्ही शिकवलंत तसं. कर्ता, कर्म, क्रियापद. आणि जरा मोठ्या झालेल्यांना निबंध. तुझं म्हणणं काय, असं मी विचारलं की त्या माझ्याकडे बघत राहत. मीही तुमच्याकडे तसंच बघितलं असणार.

त्यात पळसदरीची एक मुलगी होती, कुणब्याची. मामाकडे राहायची म्हणून माझ्या शाळेत. काळीसावळी, नाकात मुरणी, सतत हसणारी. इतकी हुशार मुलगी मी आधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. तिची मोठी बहीण माझ्याकडेच शिकून लग्न होऊन गेली होती. एकदा मी विषय दिला, विद्येपासून होणारे लाभ. तुम्हीही दरवर्षी द्यायचात तोच. बाकीच्यांनी चोर नेत नाही, वाटून सरत नाही, असं नेहमीचं लिहिलं. हिने पाटीच्या दोन्ही बाजू भरल्या आणि मला आणून दिली.

तिने लिहिलं होतं, माजं म्हणणं असं हाय की मुलींना शिकवू नये. कारण जे येतं ते विसरता येत नाय आणि वापरता पण येत नाय. उदाहरण माजी ताई. तिच्या सासरी कागद आला तो तिने वाचला, तर सासूने तिला मारलं, की बाईमाणसाने घरातला कागद वाचला म्हणून घरात वाईट झालं. आता ताई कागद दिसला की तोंड फिरवते, तरी तिच्या डोळ्यांना अक्षरं दिसतातच. आमच्या शेजारणीला वाचता येत नाय. ती कागदात दाणे बांधते, चूल पेटवते, तिला काय होत नाय. कोणी म्हणेल की पुढे दिवस बदलतील. पण ताईचे दिवस आत्ताच चालले हायत. म्हणून शिकवायचं तर सगळ्यांना शिकवावं, सासूला पण. नाय तर मुलींना शिकवू नये.

विधान होतं, कारण होतं, उदाहरण होतं. विरुद्ध बाजूच्या माणसाला उत्तरसुद्धा होतं. बाई, मी इतकी वर्षं शिकवत होते, आणि पहिल्यांदा कुणीतरी निबंध लिहिला होता. ती पुढे उभी राहून विचारत होती, "बाई, चुकलं काय?" मी नायचं नाही केलं, हायचं आहे केलं, माजंच्या जाला ह जोडला. आणि म्हणाले, "चुकलं नाही. छान बांधला आहेस." तिने खूश होऊन पाटी घेतली, थुंकी लावून पुसली आणि गणितं मांडायला बसली. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. ती कुठे आहे, कशी आहे, मला माहीत नाही. विचारायचं धैर्य होत नाही.

मग आमच्याकडेही गाठीचा ताप आला. लोक घरं सोडून रानात झोपड्या घालून राहिले, आणि परतले तेव्हा मुलींना शाळेत पाठवायची सवय मोडली होती. मी दारोदार फिरले. कुणी वाईट बोललं नाही. "पाठवू की बाई," म्हणायचे. एक पावसाळा मी तीन मुलींवर काढला. मग शाळाखात्याचे साहेब तपासणीला आले. गोरे नव्हेत, आपलेच होते, पागोटेवाले, सभ्य. त्यांनी पट पाहिला आणि म्हणाले, "शाळा चालू ठेवणं कठीण दिसतं."

मी तयारी केली होती. मी उभी राहिले आणि माझं म्हणणं मांडलं. शाळा का हवी, त्याची कारणं. उदाहरणं. लोक मुली पाठवत नाहीत म्हणून शाळा बंद करावी असं कुणी म्हणेल, तर त्यावर उत्तर. आवाज कापला नाही. डोळ्यांत पाणी आणलं नाही. तुम्ही तिथे असतात तर तुम्हाला एकही जागा सापडली नसती. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग कौतुकाने म्हणाले, "वा, बाई. फारच व्यवस्थित मांडलंत. या भागात इतकं शुद्ध मराठी ऐकायला मिळत नाही. कुठे शिकलात?"

मी तुमचं नाव सांगितलं.

"तरीच," ते म्हणाले. मग त्यांनी कारकुनाकडून लेखणी घेतली आणि शाळा बंद करण्याचा शेरा लिहिला. अक्षर सुरेख होतं.

आता मी इथे आहे. भाऊ कधी काही बोलत नाही. तो बिजवर अजून हयात आहे, पलीकडच्या आळीत राहतो, नातवंडांचं घर आहे. वाटेत भेटला तर बाजूला होऊन मला वाट देतो. भावाच्या नातींना शिकवावं असं एकदा मनात आलं होतं. मी त्यांना जवळ बोलावलं, आणि मग गोष्ट सांगून परत पाठवलं. घरातल्यांसारखंच बोलायचा मी प्रयत्न करते, पण ते आता नीट जमत नाही. मी नाय म्हटलं की पोरी हसतात, म्हणतात, आत्याआजी आमची नक्कल करते.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत. पाठवायला तुम्ही नाहीत, आणि असतात तरी मी पाठवले नसते. समारोप सुचत नाही. एक गोष्ट मात्र राहिली आहे, ती कुणाला सांगितलेली नाही. साहेबांची बैलगाडी गेल्यावर मी खोलीला कडी लावली, घरी आले, आणि भर दुपारी, न जेवता, तशीच आडवी झाले. वाटलं होतं की ऊर फुटेल. तसं झालं नाही. उद्यापासून कुणा पोरीला तुझं म्हणणं काय, असं विचारायचं नव्हतं. मला झोप लागली, बाई. लग्नाआधी आईच्या कुशीत लागायची तशी, गाढ. दिवेलागणीला शेजारणीने हाक मारून उठवलं तेव्हा मला इतकं बरं वाटत होतं की मी तिला विचारलं, आज काय सण आहे का.