केशरी रंग शुभच असतो

१९ ऑगस्ट, मंगळवार
रात्रभर झोप नाही. इकडे ऑगस्टात हिवाळा, छपरावरचा बर्फ धपकन खाली पडतो, मला वाटतं डोंगरच आला. पाळण्यात इरा मात्र ढाराढूर. ह्यांना हलवून उठवलं तर म्हणाले, झोप गं कल्याणी, एवढ्यानं वानाका गाव वाहून जात नाही.
शनिवारी हे मित्राबरोबर, त्या टॉमबरोबर, डोंगरात चाललेत. तिथं लिफ्ट नाही, माणूस नाही. स्कीला पट्ट्या चिकटवून आपणच चढायचं आणि घसरत खाली यायचं. एरवी हॉटेलच्या किचनमध्ये उभं राहून पाय दुखतात म्हणे!
मी घाबरत नाही. नुसती झोप येत नाही.

२० ऑगस्ट
आजपासून रोज दहा इंग्लिश शब्द पाठ. नववीत शाळा सुटली म्हणून काय झालं?
पोरिरुआ गावाहून माझ्या भावाचा, रमणदादाचा फोन. म्हणाला, काही वाचता नाही आलं तर मला फोटो पाठव, लाजू नको. मी म्हटलं, मला हीप्स इंग्लिश येतं, इथले लोक ढीगभरला हीप्सच म्हणतात. तो किती वेळ हसत होता. आता त्याला मेले तरी विचारणार नाही.

२१ ऑगस्ट
शब्द झाले नाहीत. इराचे दात येतायत.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
गरम वारा सुटलाय, वरपर्यंत पाऊस. हे सांगत होते, अशा दिवसांत बर्फ रोज बदलतो. खाली रव्यासारखा भुसभुशीत, वर भिजलेली जड साय. साय सुटली की गेलं सगळं.
संध्याकाळी ह्यांचा किचनमधून फोन. बॅटरी संपत आलीय, झोपायला टॉमकडेच जातो, उद्याचा अ‍ॅव्हलांचचा अंदाज, बर्फ कोसळायचा, तेवढा बघून सांग.
बघितला. लांबलचक शब्द, कन्सिडरेबल. तो मोठ्यानं म्हणायची लाज वाटली. पण कन्सिडर मला माहितीय. व्हिसाच्या पत्रात होतं, विल कन्सिडर, म्हणजे विचार करू. आणि रंग केशरी. केशरी शुभच असतो.
म्हटलं, विचार करायला हरकत नाही असं लिहिलंय. हे म्हणाले, म्हणजे मॉडरेट का? मी म्हटलं, हो, तेच.
किती सोपं असतं. उगाच घाबरते मी.

२३ ऑगस्ट, शनिवार
अंधार पडला, हे आले नाहीत. अंधार पडला की १११ ला, इथल्या मदतीच्या नंबरला, फोन कर, असं सांगून ठेवलेलं. आरशासमोर म्हणून बघितलं, माय हसबंड इज इन स्नो. फोनवरचे लोक हसतील. म्हटलं इराचं दूध होऊ दे, मग करते. दूध झालं. म्हटलं ढेकर काढते, मग.
मग टॉमचाच फोन आला. ही इज ओके, ही इज ओके, दोनदा. बर्फ सुटला, हे छातीपर्यंत गाडले गेले, त्यानं फावड्यानं उकरून काढलं. गुडघा मोडलाय.
मी फोन केलाच नव्हता.

२४ ऑगस्ट
हे घरी. पाय उशीवर. टॉम आलाय, म्हणतो अंदाजवाल्यांची चूक आहे, लेखी तक्रार करणार. हे म्हणाले, बरोबर, माझ्या बायकोनं स्वतः वाचलं होतं, ती पक्की आहे. मला बघून अंगठा दाखवला.
मी चहा टाकायला गेले. तिथंच फोनवर शब्द शोधला. बराच धोका. मॉडरेटच्या वरचा. केशरी त्याचाच रंग.
चहा झाल्यावर सांगेन. नको, पाहुण्यासमोर कशाला? टॉम गेल्यावर.
टॉम गेला. हे झोपले. दुखणाऱ्या माणसाला उठवू नये.

२५ ऑगस्ट, सोमवार
टॉम आज तक्रार पाठवणार. हे म्हणतात, खाली तुझं पण नाव टाकू, वाचलं तूच ना. मी हो म्हणाले. परत हो म्हणाले.
तोंडानं होत नाही माझ्यानं. म्हणून वही इथं उघडी ठेवून जातेय, ह्यांच्या चष्म्याशेजारी. जो कोणी वाचेल, म्हणजे ह्या घरात मराठी वाचणारं दुसरं आहे कोण, त्यानं आधी टॉमला थांबवावं. अंदाज बरोबर होता. मी चूक सांगितलं.
इराला घेऊन कोपऱ्यावरच्या डेअरीपाशी, त्या वाण्याच्या दुकानापाशी, बसणार आहे. मला लगेच फोन करू नका. रमणदादाला करा. काय ओरडायचं ते त्याच्यावर ओरडून घ्या, त्याला सवय आहे. मग त्याला म्हणा, कल्याणीला सांग, घरी ये.